लाकडी घोड्याचा सिनेमा

माझ्या थोरल्या जावेला सहा मुलींच्या पाठीवर मुलगा झाला आणि सासऱ्यांनी अख्ख्या गल्लीला पेढे वाटले, त्या वर्षीचा माघ महिना. सकाळी मी विड्यांच्या शेडमध्ये पाऊल टाकलं, तर बाया माझी वाटच बघत होत्या. माझी जागा झाडून ठेवलेली. माझी पानं भिजवून ओल्या फडक्यात बांधून ठेवलेली.

"आली गं बाई," गिरजी म्हणाली. "बस लवकर. देवाचा होता का भुताचा?"

"पाणी तर पिऊ दे."

"पाणी मागून पी. आधी सांग, भ्यायचं का हसायचं?"

"घोडा आहे," मी म्हणाले. "लाकडाचा. उडतो."

जैबूभाभीनं सूप मांडीवर ओढलं आणि म्हणाली, "मंग हसायचं पण असंल आणि भ्यायचं पण. चल, उडव."

सिन्नरला त्या शेडमध्ये आमची रीतच होती तशी. दर शुक्रवारी टॉकीजला नवा सिनेमा लागायचा. शनिवारी एकीनं तीनच्या खेळाला जायचं. बाकीच्यांनी तिच्या वाटच्या विड्या वळून द्यायच्या. मग सोमवारपासून तिनं सगळ्यांना तो सिनेमा सांगायचा. हात विडीवर, कान तिच्याकडं. एक सिनेमा दोन-तीन दिवस पुरायचा. ऐकणारीनं मधेमधे हुंकार द्यायचा, "हं", "मंग?" असं म्हणायचं. हुंकार बंद पडला तर सांगणारीचा अपमान. मुकादमही काही बोलायचा नाही. सिनेमा चालू असला की बाया भांडत नाहीत, एवढं त्याला कळत होतं.

जायचो ते फक्त नवलाच्या सिनेमाला. एकदा एक जण सासू-सुनेच्या भांडणाचा सिनेमा बघून आली, तेव्हा भीमाआत्यानं तिला विचारलं होतं, "यासाठी तिकीट काढलंस व्हय? माझ्या घरी यायचं, फुकट दाखवला असता."

सिनेमांना नावं आम्हीच ठेवायचो. पाटीवरचं वाचता कुणाला येत होतं? मी अक्षरं गिरवली ती नातवंडं झाल्यावर, प्रौढांच्या वर्गात. तेव्हा आपलं नागिणीचा, बोलत्या पोपटाचा, दिव्यातल्या जिनचा, असं. प्रत्येकीची आवड वेगळी. गिरजीला अंगावर काटा आणणारा हवा, ओसाड महाल, पांढरी साडी, विझणारी मेणबत्ती. जैबूभाभीला जिन हवा, तोही वेंधळा. भीमाआत्या शेडमधली सगळ्यांत वडीलधारी, तिला देव प्रकट झाल्याशिवाय सिनेमा झाल्यासारखा वाटायचा नाही. ठकूताईला काहीही चालायचं, गाणी तेवढी म्हणून दाखवायला लागायची.

त्या सोमवारी मात्र ठकूताई गाणं म्हण म्हणाली नाही. ती आणि भीमाआत्या नेहमीप्रमाणे दाराकडं पाठ करून बसल्या होत्या, म्हणजे उजेड मागून हातावर पडतो. ठकूताईच्या बाजूला झोळी टांगलेली, झोळीत तिचं चार महिन्यांचं पोर. थोरली लेक मथी नाशकाला दवाखान्यात होती. ताप डोक्यात गेला होता, डोळेच उघडत नव्हती. मथीचा बाप, दगडू, बाजारात हमाली करायचा. तो काम सोडून मथीच्या उशाशी बसला होता. ठकूताईही आधी तिथंच होती, पण अंगावरच्या पोराला दवाखान्यात राहू देईनात, म्हणून परत आली. घरी बसवेना म्हणून शेडवर आली.

मी सांगायला लागले. एका राजाला एक मुलगा आणि एक मुलगी. मुलगी बागेत झोका घेते. एक जादूगार येतो, फुंकर मारतो, आणि मुलगी झोक्यावरच झोपते. वैद्य येतात, मांत्रिक येतात, ढोल वाजवतात, मुलगी उठत नाही. मग भावाला एक सुतार लाकडी घोडा करून देतो. सात डोंगरांपलीकडं एक झरा आहे, तिथलं पाणी डोळ्यांवर शिंपडलं तर मुलगी जागी होईल.

"मंग?" गिरजी म्हणाली.

"मंग काय, घोडा उडाला."

तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली.

मी नळावर हात धूत होते, ठकूताई मागं येऊन उभी राहिली.

"अंजे, ती पोरगी शेवटाला उठती का?"

"उठते की. सगळे नाचतात पण."

"सांगू नको."

"आता तर सांगितलं."

"मला सांगितलंस. तिथं बायांमधी बसून नको सांगू. तिथं बसून सांगशील ते खरं." तिनं पदर तोंडाशी धरला होता. "मी नवस बोलले आहे आत्ताच, मनात. माझी मथी उठंल त्या दिवशी तुझी पोरगी उठव. तवर निजू दे तिला."

"ताई, सिनेमा आहे तो."

"मला ठाऊक आहे सिनेमा आहे."

मी तिच्याकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती, नळाकडं बघत होती. नळ तसाच वाहत होता. मी तो बंद केला आणि हो म्हणाले. तेव्हा मला वाटलं, दोन दिवसांचा प्रश्न आहे.

दोन दिवस सोपे गेले. घोडा डोंगरावरून जाताना त्याच्या पंखाची खुंटी निखळली आणि तो जंगलात पडला. हे सिनेमात नव्हतं. जंगलात ओसाड महाल होता, तोही नव्हता. महालात एक बाई पाठमोरी केस विंचरत बसलेली. गिरजी खूश. "मागं वळली का?" "नाही अजून." "बाई गं!" तिच्या हातातली विडी सैल झाली आणि तिला ती उकलून पुन्हा वळायला लागली.

मग महालाच्या तळघरात एक रांजण निघाला आणि रांजणातून जिन. सहा हात उंच, कानात बाळ्या, पण पालीला भिणारा.

"पालीला?" जैबूभाभी म्हणाली. "एवढा जिन आणि पालीला?"

"तुमचे मियाँ नाही का उंदराला भीत?"

"ते उंदराला न्हाई, मला भेतात. उंदराचं निमित्त." सगळ्या हसल्या. ठकूताईसुद्धा हसली. हात मात्र तिचे सारखे चालू होते.

मग मला एक म्हातारा आणावा लागला, कारण भीमाआत्याच्या कपाळावर आठी दिसायला लागली होती. पांढरी दाढी, कमंडलू, डोंगराच्या कपारीत बसलेला.

भीमाआत्यानं कात्री खाली ठेवली. "अंजे, हा म्हातारा गेल्या वर्षीच्या सिनेमातला आहे. त्याच्या कमंडलूला पोचा होता. मीच सांगितला होता तुम्हाला."

"तोच आहे आत्या. फिरत फिरत इकडं आला."

"आणि ती केस विंचरणारी दिवाळीच्या टायमाची."

मी दुसरं पान उचललं.

"किती लांबलं हे?" आत्या म्हणाली. "तीन तासांचा खेळ. आठवडा झाला तरी घोडा वाटंतच. उद्या शनवार, गिरजीची पाळी."

"नागाचा लागलाय," गिरजी म्हणाली. "पोस्टरवर नाग एवढा मोठा आहे की त्याची शेपूट भिंतीवर मावत न्हाई, पलीकडच्या गल्लीत गेली आहे. मी जाणार."

"जा ना. पण आधी हिचं उरकू दे. एक गोष्ट सरल्याशिवाय दुसरी घेत न्हाईत. अर्धी गोष्ट घरात ठेवू नये. उघडं भांडं असतं ते, त्यात काय येऊन पडंल सांगता येत न्हाई." आत्या माझ्याकडं वळली. "उठव ती पोरगी आणि मोकळी हो."

"नको," ठकूताई म्हणाली.

सगळ्यांचे हात थांबले. तिनं सांगून टाकलं. नवसाचं, मथीचं, सगळं. फार बोलली नाही, दोन वाक्यं.

भीमाआत्यानं हातातलं पान खाली ठेवलं. मग म्हणाली, "ठके, सिनेमाला कुणी नवस बोलतं का गं?"

"तुम्ही टॉकीजमधी चपला काढून बसला होता, आत्या. पडद्यापुढं नारळ फोडला होता. ते चाललं?"

"तो देव होता."

"पडदा तोच आहे."

जैबूभाभीनं तोंडावर हात धरला. "दे जबाब, आत्या."

"जबाब काय द्यायचा, वेड लागलंय सगळ्यांना," आत्या म्हणाली. "मी देवाची माणूस आहे म्हणून सांगते, ठके. अर्धवट ठेवलेलं वाईट असतं. मी कसले दिवस बघितलेत ते तुला ठाऊक न्हाई." तिची दोन मुलं देवीच्या साथीत गेली होती, हे आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं. "लांबवायचं तर लांबवा. माझा हुंकार न्हाई मिळायचा."

आणि तिनं तो बंद केला. त्या दिवसापासून मी सांगत असले की आत्या मान खाली घालून नुसती विड्या वळायची. हं नाही की चूं नाही. गिरजी तोंड फुगवून बसली, पण शनिवारी गेली नाही. "नाग काय पळून जातोय," म्हणाली. सोमवारी तो सिनेमा बघून आलेल्या दुसऱ्या शेडच्या बाईनं रस्त्यात सांगायला तोंड उघडलं, तर हिनं कानांत बोटं घातली.

रविवारी ठकूताई नाशकाला जाऊन आली. सोमवारी शेडमध्ये शिरताशिरता म्हणाली, "बोट हललं. हे बोट." स्वतःच्या उजव्या हाताचं बोट धरून तिनं सगळ्यांना दाखवलं. "मी तिला घोड्याचं सांगत होते. मंग जिनचं सांगितलं, पालीचं. तर ओठ असे झाले. तिचा बाप म्हणतो, भास असंल. त्याला काय कळतंय."

"पालीचं हसू आलं असंल तिला," जैबूभाभी म्हणाली. "मी सांगितलं होतं, हसायचं पाहिजे. भुताखेतानं पोरं बरी होत न्हाईत."

"भुतानं का न्हाई?" गिरजी म्हणाली. "भ्यालं तर माणूस दचकून उठतं."

"अंजे, आजपासून जिनला जास्त घे."

"ती महालातली बाई वळू दे की आधी!"

त्या आठवड्यात माझ्याजवळचं सगळं संपलं. सासरी येण्याआधी बघितलेले सिनेमे आणले. ऐकलेले आणले. बोलता पोपट आणला, समुद्राच्या तळाशी गाव आणलं, एक इवलासा राजा आणला जो अक्रोडात राहतो. तेही संपलं, तेव्हा बायाच भर घालायला लागल्या. जैबूभाभी म्हणाली, जिनची एक मोठी बहीण आहे, ती त्याला रागावते. गिरजीनं विहीर घातली, विहिरीतून हात येतो. मुकादम एकदा दारातून म्हणाला, "त्या घोड्याला एखादा मारवाडी भेटू द्या, भाड्यानं घेईल." त्यालाही घेतलं.

ठकूताई कोपऱ्यात बसून ऐकायची. कुणी चुकून झऱ्याचं नाव काढलं की तिचा हात थांबायचा. मग मी घोड्याला दुसरीकडं वळवायची, की तिचा हात पुन्हा चालायला लागायचा. मी तिचा हात बघून सांगायला शिकले.

आत्या रोज सकाळी एकच विचारायची, "उरकलं का तुमचं?" आणि मान खाली घालायची.

फाल्गुन अर्ध्यावर आला. बाहेर पोरं होळीसाठी लाकडं गोळा करत हिंडत होती. दुपारची वेळ, जेवणं झाली होती. मी जिनचं सांगत होते. जिन आपल्या बहिणीला भिऊन दुधी भोपळ्यात लपतो आणि बाहेर निघता येईना म्हणून भोपळ्यासकट गावभर गडगडत जातो, असं काहीतरी. बाया खिदळत होत्या. ठकूताईनं हसताहसता झोळीला झोका दिला.

मी तोंड वर केलं, तर दारात दगडू.

पुरुष माणूस शेडमध्ये येत नसे. यायचं झालं तर बाहेर उभा राहून खाकरायचा. दगडू खाकरला नाही. तो उभा राहिला, त्याच्या काखेत दवाखान्यात नेलेली गोधडी होती, गुंडाळलेली. त्यानं माझ्याकडं बघितलं, ठकूताईच्या पाठीकडं बघितलं. आणि बाहेर भिंतीला टेकून खाली बसला. दारातून त्याचा गुडघा तेवढा दिसत राहिला.

मी थांबले असते तर ठकूताईनं मागं वळून बघितलं असतं.

"भोपळा गडगडत गडगडत," मी म्हणाले, "एका म्हातारीच्या दारात गेला. म्हातारी म्हणाली, बरं झालं, भाजीला काही नव्हतं."

"तिनं विळी घेतली असंल," ठकूताई म्हणाली.

"घेतली ना."

जैबूभाभी माझ्या शेजारी होती. तिनं माझ्याकडं बघितलं, मग दाराकडं. तिच्या बोटातला दोरा तुटला. तिनं तो उचलला आणि म्हणाली, "मंग? विळी घेतली, मंग जिन ओरडला असंल."

"ओरडला. म्हातारी म्हणते, भोपळा बोलतो म्हणजे जून झालाय."

कुणी हसलं नाही. गिरजीनंही बघितलं होतं. "मंग गं अंजे?" ती म्हणाली. "मंग बहीण आली का? बहिणीला आण."

"बहीण आली."

"मंग?"

"मंग?" पलीकडून कुणीतरी म्हणालं.

"बहिणीनं म्हातारीला सांगितलं, हा माझा भाऊ आहे."

"आणि घोडा?" जैबूभाभी घाईनं म्हणाली. "घोडा कुठं होता तवर? घोड्याला नको नेऊस इतक्यात. त्याला विहिरीवर थांबव. अजून विहिरीचं राहिलंय."

आत्याच्या पाठीला दार होतं. तिनं आमची तोंडं बघितली, एकेकीचं. मग तिनं मान थोडी वळवली, जेवढी वळवावी लागते तेवढीच, आणि पुन्हा पुढं बघितलं. हातातली विडी तिनं पुरी केली, तोंड मोडलं, जुडीत ठेवली.

"मंग, अंजे?" आत्या म्हणाली. "पुढं काय झालं?"

ठकूताईचे हात थांबले.

ती आत्याकडं बघत राहिली. आत्या तिच्याकडं बघेना. मग ठकूताईनं आमच्याकडं बघितलं, जैबूभाभीकडं, गिरजीकडं, शेवटी माझ्याकडं. मागं तिनं वळून बघितलं नाही. सूप मांडीवरून उचललं आणि बाजूला ठेवलं. सांडलेला तंबाखू हातानं गोळा केला, तोही सुपात टाकला.

"घोडा पोचला का पाण्याला?" तिनं विचारलं.

"पोचतोय."

"पोचव त्याला."

मी हातातली विडी खाली ठेवली.

"उठव तिला, अंजे," ठकूताई म्हणाली. "माझी तर न्हाई उठायची आता. तुझी तरी उठव. तिनं काय पाप केलंय."

आत्यानं माझ्याकडं बघून मान हलवली.

मग मी घोड्याला सात डोंगरांपलीकडं नेलं. झरा दाखवला. भावानं भांडं आणलं नव्हतं म्हणून ओंजळीत पाणी घेतलं. घोडा उडाला तसं पाणी बोटांमधून गळायला लागलं. डोंगरावर गळलं, जंगलावर गळलं. राजवाड्याच्या अंगणात घोडा उतरला तेव्हा ओंजळीत थेंबच राहिले होते. ते त्यानं बहिणीच्या डोळ्यांवर सोडले.

"हं," आत्या म्हणाली.

"मुलीनं डोळे उघडले. भावाला म्हणाली, किती वेळ झोपले रे मी? भूक लागली आहे."

"हं," जैबूभाभी म्हणाली.

मी थांबले. मला वाटलं, एवढं पुरे.

"नाचतात ना सगळे?" ठकूताईनं विचारलं. "नळावर म्हणाली होतीस."

"नाचतात."

"मंग ते सांग. अर्धं नको ठेवू."

मी तेही सांगितलं. राजा नाचला, राणी नाचली. सुतार नाचला, वैद्य नाचले, ढोलवाल्यांनी ढोल बडवले. घोडासुद्धा लाकडी पायांनी नाचला. मी गाणं म्हणून दाखवलं, जेवढं लक्षात होतं तेवढं. प्रत्येक ओळीला बायांनी हुंकार दिला, एकीनंही चुकवला नाही, आणि सगळ्यांत मोठा भीमाआत्यानं दिला. "झालं," मी म्हणाले. "संपला सिनेमा."

ठकूताई उठली. झोळीतलं पोर काढून तिनं खांद्यावर घेतलं, पदर सारखा केला आणि दाराबाहेर गेली. दगडू उभा राहिल्याचा आवाज आला. त्याचा भाऊ मथीला घेऊन गाडीनं मागून येत होता, हे आम्हाला नंतर कळलं. आत्यानं ठकूताईचं सूप आपल्या मांडीवर घेतलं आणि तिच्या वाटच्या विड्या वळायला लागली. मग आम्हीही लागलो.

दगडू आणि ठकूताईची मुलगी मथुरा त्याच दिवशी पहाटे नाशकाच्या दवाखान्यात गेली होती. होळीचा आदला दिवस होता. तिला अकरावं लागलं होतं.